आठ दिवसांसाठी ठेवलेले ससे

नवापूर, ता. पालघर, जि. ठाणे
बुधवार, ८ फेब्रुवारी १९६७

तीर्थरूप रामकिसनदाजी यांच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे नागोरावचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे. ती का, ते पुढे येईलच, पण त्यामुळे नमस्कारात काही कमी समजू नये.) आपली प्रकृती, राहीआक्काची कंबर आणि चि. सुलूचा अभ्यास ही तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. आमचं म्हणाल तर मी बरा आहे, इंदू बरी आहे, आणि ज्यांची चौकशी आपण प्रत्येक कार्डात आमच्या आधी करता ते दोघेही बरे आहेत. पैठणला धरणाच्या कामावर गेल्यापासून पाणी चांगलं मिळतं, भूक लागते, असं आपण लिहिलंत. वाचून आनंद झाला. इथलं पाणी मचूळ आहे. ते आपल्या लक्षात असेलच, कारण दीड वर्ष तेच पिऊन आपण बदलीचा कागद हातात पडताच ज्या चपळाईनं बोईसर सोडलंत ती चपळाई मी आपल्यात त्याआधी कधी पाहिली नव्हती.

त्याच दिवशी, म्हणजे गेल्या मार्चमध्ये, बोईसर स्टेशनावर गाडी हलता हलता आपण एक फळ्यांची पेटी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "नागोराव, आठ दिवस सांभाळा. घर लागलं की येऊन नेतो." सुलू खिडकीतून रडत होती, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. (आपण तिला खिडकीत मुद्दाम बसवलं होतं असं इंदू म्हणते. मी तसं म्हणत नाही.) पेटीत दोन पांढरे ससे होते. एकाचं नाव बत्तासा, दुसरीचं रेवडी. आपण सांगितलं होतंत की दोन्ही माद्या आहेत, गवतावर राहतात, वास येत नाही, आवाज नाही, त्रास नाही. दाजी, आवाज नाही हे खरं आहे. बाकीच्याबद्दल मी वडीलधाऱ्यांना काय लिहावं? आज अकरा महिने झाले.

आमच्या जागेची आपल्याला कल्पना आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं त्या जागेमुळे झालं. घर येसूबाईचं. त्या कोळीण, नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही, आता दिराच्या होडीवरचे बोंबील घेऊन सुकवतात आणि पालघरच्या बाजारात नेऊन विकतात. घराच्या अर्ध्या भागात त्या आणि त्यांची सुकी मासळी, अर्ध्या भागात आम्ही दोघं. मधली भिंत छपरापर्यंत जात नाही. पुरुषभर उंच होते आणि थांबते, त्याच्यावर सगळीकडे एकच कौल. त्यांच्या बाजूचा वास आमच्याकडे येतो आणि आमच्या बाजूचं भांडण त्यांच्याकडे जातं. आपल्या सशांना बाहेर ठेवण्याची सोय नाही, कारण कोळीवाड्यातले कुत्रे मासळीवर पोसलेले आहेत आणि त्यांना बदल हवाच असतो. म्हणून पेटी घरात, मधल्या भिंतीला लागून. मी सकाळी सातला वीज केंद्राच्या बांधकामावर जातो, तिथे एका ठेकेदाराच्या गोदामात दिवसभर नट आणि बोल्ट मोजतो (कधी कधी फक्त नट, कारण बोल्ट आलेले नसतात) आणि दिवेलागणीला परततो. तोवर इंदू एकटी. इथल्या बायकांची बोली तिला कळत नाही आणि तिची परभणीकडची त्यांना कळत नाही. सशांना सगळंच सारखं. तेव्हा ती त्यांच्याशी बोलू लागली, आणि बोलता बोलता त्यांना चणे घालू लागली. सकाळी ओंजळभर, दुपारी ओंजळभर, निजताना पुन्हा थोडे, रात्री भूक लागली तर असावेत म्हणून.

गणपतीच्या सुमारास उंदीर आले. घुशी नव्हेत, छोटे, करडे, बोटाएवढे. पहिल्या आठवड्यात एक दिसला. दुसऱ्या आठवड्यात पेटीतल्या चण्यांच्या वाटीत तिघं बसून जेवत होते आणि आपला बत्तासा बाजूला सरून त्यांना जागा करून देत होता. एवढा शांत स्वभाव त्या जनावरानं कुणापासून उचलला ते मला माहीत नाही, आपल्या घरात तर तो कुणाचाच नाही. वाटीत लेंड्या पडू लागल्या. सशांच्या कोणत्या आणि उंदरांच्या कोणत्या हे इंदूला ओळखता येऊ लागलं, मला आजही येत नाही. पेटीच्या फळ्या कुरतडल्या गेल्या. माझ्या एकुलत्या एका लोकरी बंडीची बाही गेली. येसूबाई म्हणाल्या, उंदीर तुमच्या सशांमुळे आले. मी म्हटलं, उंदीर तुमच्या मासळीमुळे आले. यावर आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी महिनाभर बोललो, एकमेकांचं तोंड न बघता.

मी आपल्याला कार्ड टाकून सल्ला विचारला. आपण एका ओळीत उत्तर दिलंत, मांजर पाळा. दाजी, मी आपली आज्ञा मोडत नाही. मी मांजर आणलं. ते घरात आलं, पेटीसमोर बसलं आणि दोन दिवस सशांकडे पाहत राहिलं. उंदीर त्याच्या शेपटीवरून गेले तरी त्यानं मान वळवली नाही. तिसऱ्या दिवशी पेटीच्या फटीतून त्याचा पंजा आत गेलेला इंदूनं पाहिला आणि मांजर जिथून आलं तिथे परत गेलं. मग पिंजरा आणला. रोज एक उंदीर सापडे, तो मी कामावर जाताना सुरूच्या झाडांत सोडी, आणि मला दाट संशय आहे की संध्याकाळी तो माझ्या आधी घरी पोचे.

आता पुढची गोष्ट लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो. कार्तिकात एका सकाळी इंदूनं मला हाक मारली. पेटीच्या कोपऱ्यात, गवत आणि सशांचे पांढरे केस मिळून केलेलं एक घरटं होतं आणि त्यात सहा गुलाबी, डोळे मिटलेली, केस नसलेली पिल्लं वळवळत होती. इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही माद्या आहेत हे आपलं वचन मला आठवलं, पण आपण आठ दिवसांचंही वचन दिलं होतंत, तेव्हा मी त्यावर फार विचार केला नाही. इंदूनं आळीत साखर वाटली. लग्नाला सहा वर्षं झालेल्या बाईनं कशाची साखर वाटावी याबद्दल आळीतल्या बायका आपसांत जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही, भाषा न कळताही ते तिला नीट कळलं. ती कापसाच्या वातीनं पिल्लांना दूध पाजू लागली. पिल्लं जोमानं वाढली. आठव्या दिवशी त्यांच्या अंगावर लव आली. ती करडी होती. मी म्हटलं, वाढतील तशी पांढरी होतील. तेव्हा येसूबाई पहिल्यांदाच भिंतीच्या अलीकडे आल्या, वाकून पाहिलं आणि इंदूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, हे उंदीर हाय गो."

इंदू त्या दिवशी जेवली नाही. मी पिल्लं माझ्या डब्यात घालून सुरूच्या झाडांकडे नेली आणि घरी सांगितलं की मऊ गवतात ठेवली आहेत. (गवत होतं. कावळेही होते. हे तिला कळवू नये.) तो डबा मी पुन्हा जेवायला वापरला नाही.

त्यानंतर माझं डोकं फिरलं. संक्रांतीच्या तोंडावर मी पालघरला जाऊन उंदीर मारायची काळी भुकटी आणली. दुकानदारानं सांगितलं, लहान मुलांपासून लांब ठेवा. आमच्याकडे ती अडचण नव्हती. कणीक, गूळ आणि भुकटी कालवून मी नऊ गोळ्या केल्या आणि सशांना पोचू नये म्हणून मधल्या भिंतीच्या माथ्यावर ओळीनं मांडल्या. सबंध दिवस नट मोजणारा माणूस मी, मोजण्यात चुकत नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी शिडीवर चढून पाहिलं तर आठच होत्या. भिंतीच्या माथ्यावरच्या धुळीत एका बाजूला काहीतरी ओढत नेल्याची रेघ होती, आणि ती येसूबाईच्या बाजूला वळलेली होती. मी वाकून पलीकडे पाहिलं. भिंतीच्या बरोबर खाली, जिथे त्या बाजाराची टोपली भरून ठेवतात, तिथे टोपलीच्या बुडाचा गोल ठसा तेवढा राहिला होता. त्या पहाटेच निघून गेल्या होत्या.

दाजी, मी शिडीवर किती वेळ उभा राहिलो ते मला सांगता येणार नाही. ती गोळी उंदरानं खाल्ली असेल. कुठे बिळात पडली असेल. आणि टोपलीत पडली असेल तर पालघरच्या बाजारात कुणाच्या तरी कालवणात जाईल, आणि ते कुणाचं हे मला कधीच कळणार नाही, आणि त्यांनाही कधी कळणार नाही की कुणामुळे. मला हे स्पष्ट दिसलं की मी खाली उतरलो, चहा प्यालो आणि कामावर गेलो तर मला कुणी काहीही विचारणार नाही. मी खाली उतरलो. इंदू म्हणाली, चहा. मी सायकल काढली.

बोईसरला पोचलो तेव्हा गाडी यायची होती. येसूबाई फलाटाच्या टोकाला टोपलीशी बसल्या होत्या आणि नुकतीच त्यांनी एका माणसाला बोंबलांची एक जुडी विकली होती. बांधकामावरचा वेल्डर होता तो, उत्तरेकडचा, जुडी खाकोटीला मारून निघाला होता. मी आधी त्याला गाठलं. म्हटलं, भाईसाब, यह मच्छी मत खाइए, इसमें जहर हो सकता है. त्यानं विचारलं, "किसने डाला?" मी म्हटलं, "मैंने." त्यानं माझी कॉलर धरली. एवढ्या जवळून बघितल्यावर मी वेडा नाही, नुसताच दमलेला आहे, असं त्याला दिसलं असावं, कारण त्यानं कॉलर सोडली आणि जुडी रुळांवर फेकली. कुत्र्यांनी खाऊ नये म्हणून मी रुळांवर उतरून ती उचलली. तोवर सगळा फलाट माझ्याकडे पाहत होता, येसूबाईसुद्धा.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या शेजारच्या बायका ओरडल्या. येसूबाईंनी फक्त विचारलं, "नऊ टाकल्यास ना? नीट मोजल्यास?"

"मोजल्या."

"मंग उचल टोपली."

टोपली मी सायकलीला बांधली आणि आम्ही चालत परत आलो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "आज मी कोणाला तरी मारून आले असते. सांगलंस ते बरं केलंस." भरतीच्या रेघेच्या वर आम्ही वाळूत खड्डा खणला, आठ दिवस सुकवलेले बोंबील त्यात लोटले आणि वर दगड रचले. गोदामात साहेबांनी विचारलं, उशीर का झाला? मी म्हटलं, मासळी पुरत होतो. साहेब हसले.

मी भरपाईची गोष्ट काढली तेव्हा येसूबाई म्हणाल्या, पैसा नको, हात दे. तेव्हापासून चार रविवार मी आणि इंदू त्यांच्या बांबूच्या दांड्यांखाली उभे राहून ओले बोंबील टांगतो. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दांडीवर टाकायची. बोंबील मऊ असला तरी त्याचे दात मऊ नसतात, पट्टीचं कारण हे. आपल्या घरात सात पिढ्या वशाट शिवलेलं नाही हे मला ठाऊक आहे. आईला कळवू नये. इंदूला मात्र या कामात बायकांची भाषा येऊ लागली आहे. परवा ती मला म्हणाली, "आमी जातो." मी घाबरून विचारलं, कुठे? म्हणे पाण्याला.

उंदरांचा निकालही येसूबाईंनीच लावला. त्या म्हणाल्या, "उंदीर काय सशाला भेटाया येत नाय. तुमच्या चण्याला येतात." आता सशांना चणे मोजके, दिवसा, समोर बसून. संध्याकाळी वाटी उचलायची, पेटीतलं गवत रोज झाडून बदलायचं, चणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि बिळांत काचेचे तुकडे भरून वरून चुना. पेटीला चार पाय लावले आणि फटींवर बारीक तारेची जाळी मारली. पंधरा दिवसांत उंदीर दिसेनासे झाले. मांजर, पिंजरा, विष, सगळं मी केलं, आणि रात्रीची वाटी उचलणं एवढंच करायचं राहिलं होतं. येसूबाईंनी आता त्यांच्या माशांनाही झाकणाच्या टोपल्या केल्या आहेत, पण ते माझ्यामुळे असं त्या कबूल करत नाहीत. मात्र सगळ्या कोळीवाड्यात सांगतात की माझा भाडेकरू खोटं बोलत नाय. रस्त्यानं जाताना लोक मला रामराम करतात. (मला हे आवडतं. इतकी वर्षं नट मोजले, कुणी रामराम केला नव्हता.)

तेव्हा दाजी, एवढं लिहिण्याचं कारण इतकंच की आपले आठ दिवस भरले आहेत. या महिनाअखेर आपण स्वतः येऊन आपले ससे घेऊन जावेत. मी आणून पोचवणार नाही. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घालावा. राहीआक्काला नमस्कार, सुलूला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (अजूनही),
नागोराव

ता. क. शनिवार. वरचं पत्र बुधवारी लिहून पाकिटात घातलं, पण पोस्टात टाकलं नाही, कारण त्यात एक गोष्ट खोटी आहे. दोघेही बरे नाहीत. रेवडी गेली. त्याच शुक्रवारी. मासळी पुरून, कामावर जाऊन संध्याकाळी घरी आलो तर ती पेटीच्या कोपऱ्यात आडवी होती आणि बत्तासा तिला टेकून बसला होता. इंदूनं गवत उचललं, तर खाली गोळी होती, अर्धी. उंदरानं ती भिंतीवरून पलीकडे ओढली होती खरी, पण पुन्हा अलीकडे आणून आपल्या नेहमीच्या जेवायच्या जागी टाकली असावी. सकाळी मी पेटीत पाहिलं असतं तर. मी पाहिलं नाही, मी पलीकडेच पाहत होतो. रेवडीला रात्रीच आम्ही पुरलं. म्हणजे मासळी चांगली होती. सगळी.

ता. क. २. हे मी येसूबाईंना काल सांगितलं. चार रविवार सांगायचं ठरवत होतो, पण रस्त्यातले रामराम आड येत होते. त्या दांडीवर बोंबील टाकत होत्या. त्यांनी विचारलं, "कवा कळलं तुला?" मी म्हटलं, त्याच सांजेला. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "मासळी गेली त्याचं काय नाय. चार आयतवार माझ्या बाजूला उभा राहिलास नि बोलला नायस." मग म्हणाल्या, होळीच्या आत खोली खाली करा. इंदू त्यांच्याकडे गेली होती, रडून परत आली. त्यांचं बरोबर आहे. आम्ही बोईसरकडे जागा पाहतो आहोत. तिथे ससा ठेवू देतील असं वाटत नाही, म्हणून बत्ताशाला न्यायला खरोखरच या.

ता. क. ३. खरं मागणं हे आहे. रेवडी गेल्यावर तीन दिवसांनी सुलूचं कार्ड आलं होतं. रेवडीला माझा पापा द्या, असं त्यात मोठ्या अक्षरांत होतं. इंदूनं माझ्या नकळत उत्तर टाकलं, की पापा दिला, रेवडीनंही तुला एक दिला आहे आणि ती तुझी वाट बघते. सुलूला रेवडी गेल्याचं आपणच सांगा, मला ते जमणार नाही. विष मी घातलं हेही सांगा, माझं नाव घेऊन सांगा. फक्त तारीख पुढची सांगा, फेब्रुवारीतली कोणतीही. इंदूचं ते कार्ड वीस जानेवारीचं आहे, आणि पोरीनं ते जपून ठेवलं असेल.